ऑलिव्हची वही: डाव्या पानावर कीड, उजव्या पानावर मित्रकीटक

जागा स्पेनच्या हाएन प्रांतात, सिएरा माखिना डोंगराच्या उतारावर. पिकुआल जातीची ऑलिव्हची १३६ झाडं, सगळी कोरडवाहू, खालच्या अंगाला ओढा. बाग आमच्या घरमालकांची. त्यांचं वय ७४, मी त्यांना आजोबा म्हणते. बागेचं काम तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे.

गेल्या हंगामात घाण्यावर आमच्या तेलाची आम्लता १.१ टक्के निघाली. एक्स्ट्रा व्हर्जिनला, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीला, ०.८ च्या वर चालत नाही, त्यामुळे सगळं तेल एक पायरी खाली गेलं. कारण फळमाशी. पूर्वी इथे डायमेथोएट हे कीटकनाशक मारून मोकळं होत असत, पण युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची मान्यता वाढवली नाही. आंदालुसिया सरकारच्या ‘राइफ’ या कीड-इशारा यंत्रणेचे अहवाल मी नियमित वाचते आणि ते उपयोगी आहेत. मात्र आमच्या ओढ्याकाठी कोण कधी येतं ते मलाच बघावं लागणार, म्हणून ही वही. हेच काम कुणी करायला घेतलं तर माझं वर्ष त्याच्या कामी यावं.

८ फेब्रुवारी

दहा झाडं कायमची ठरवली. पाच ओढ्यालगतची, पाच वरच्या बांधाजवळची. बुंध्यावर पांढऱ्या रंगाने १ ते १० आकडे टाकले. दर शनिवारी हीच झाडं बघायची. साहित्य थोडंच: दशपट भिंग, टाचणी, पांढरी चादर, काठी. फांदीखाली चादर धरायची, काठीचे पाच दणके द्यायचे, पडेल ते मोजायचं. वहीचं डावं पान किडीचं, उजवं तिला खाणाऱ्यांचं.

आज चादरीवर १४ कोळी आणि काही मुंग्या. बाकी शांत.

दुपारी ओढ्याकाठची वाळलेली ओलिवार्दा उपटली. उग्र वासाचं चिकट झुडूप, शरद ऋतूत पिवळं फुलतं. आजोबा म्हणाले, “राहू दे पोरी.” का ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सहा तास गेले, सगळा काठ साफ.

(जानेवारीत भर: या वर्षातली सर्वांत मोठी चूक हीच. कारण पुढे येईल. ओढा साफ करायच्या बेतात असाल तर आधी १७ जानेवारीची नोंद वाचा.)

२२ फेब्रुवारी

पानं उलटी करून बघितली. खालच्या बाजूला नागअळीसारखे माग, काही दोऱ्याएवढे, काही इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, काही चांगले डागाएवढे. ही ऑलिव्ह पतंगाची पानातली पिढी. या पतंगाच्या वर्षाला तीन पिढ्या: पहिली फुलं खाते, दुसरी फळात शिरते, तिसरी हिवाळाभर पानात राहते. ३०० पानांपैकी २६ पानांवर माग, त्यांतल्या ९ मध्ये जिवंत अळी.

उजवं पान कोरं. बाकीच्या १७ मागांतल्या अळ्या कुठे गेल्या हे विचारायचं मला सुचलंच नाही.

१५ मार्च

छाटणी संपली. जाड लाकूड शेकोटीसाठी बांधाला रचलं होतं. आज ढिगाखाली बारीक भुसा दिसला. साल सोलली तर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे बोगदे. हे भुंगेरे छाटलेल्या ताज्या लाकडात अंडी घालतात आणि नवी पिढी मे-जूनमध्ये बाहेर पडून जवळच्या झाडांच्या फांद्यांना लागते. म्हणजे मीच बागेच्या मधोमध त्यांना घर बांधून दिलं होतं. दीड दिवस घालवून सगळं लाकूड बंद खोलीत हलवलं. चार फांद्या मुद्दाम आमिष म्हणून बाहेर ठेवल्या. एप्रिलअखेर त्या उचलून आत टाकायच्या आहेत, कॅलेंडरवर लाल खूण केली.

५ एप्रिल

ऑलिव्ह पतंगासाठी चार कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर ओढणारे) लावले. शिवाय दुकानदाराच्या सांगण्यावरून दहा पिवळे चिकट सापळे घेतले, “सगळंच अडकतं” म्हणून. सापळे आणि ल्यूर, म्हणजे आतलं वासाचं आमिष, मिळून ६८ युरो.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट सांगते, कारण मी स्वतः पहिल्या वर्षी यात फसले. आंब्याच्या फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलवर धावून येतात. ऑलिव्हची माशी त्याच कुळातली असली तरी त्या वासाला येत नाही. तो खर्च करू नका.

२६ एप्रिल

शेंड्यांवर आणि कळ्यांच्या घोसांत कापूस दिसायला लागला. इथले लोक त्याला कापूसच म्हणतात. ऑलिव्हवरच्या सिला या रसशोषक किडीची पिल्लं हा मेणचट कापूस सोडून त्याखाली रस शोषत बसतात. दिसायला भयंकर, बाग आजारी वाटते. १०० घोसांपैकी ३१ वर होता. आजोबांनी नुसतं बघून हात झटकला. म्हणाले, फुलं मोज, कापूस मोजू नकोस.

पिवळे चिकट सापळे उतरवले. दहा सापळ्यांवर मिळून माझ्या कामाची एकही कीड नाही, पण क्रायसोपाचे १९ प्रौढ आणि भिंगाखाली धड मोजताही येणार नाहीत इतक्या चिमुकल्या परोपजीवी गांधिली, म्हणजे ज्यांची पिल्लं किडीला खाऊन वाढतात अशा. हिरवे, जाळीदार पंखांचे, सोनेरी डोळ्यांचे १९ क्रायसोपा मी तीन आठवड्यांत डिंकावर मारले. उजव्या पानावरची पहिली मोठी नोंद ही, आणि ती सगळी मेलेल्यांची.

आमिषाच्या फांद्या उचलल्या.

१० मे

चादरीवर काळपट, काटेरी अळ्या पडल्या, ६ नग. मी त्या डाव्या पानावर मांडल्या आणि बोटांनी चिरडल्या. घरी येऊन फोटो ताडून बघितले तर त्या चिलोकोरस ढालकिड्याच्या अळ्या. खवले कीड खाणाऱ्या, म्हणजे उजव्या पानाच्या. प्रौढ ढालकिडा ओळखणं सोपं, लालसर काळा, चकचकीत. पण त्याआधी तो अळी असतो आणि ती अळी कुणी दाखवत नाही. क्रायसोपाची अळीही अशीच फसवते: मगरीसारखी चपटी, पुढे दोन वाकडे सुळे. पाहताक्षणी ही मारायचीच वस्तू वाटते.

तेव्हापासून नियम केला: नाव कळल्याशिवाय काही चिरडायचं नाही. काडेपेटीत भरून घरी आणायचं.

कापसात बारीक तपकिरी ढेकणासारखे किडे फिरताना दिसले, चोच सिलाच्या पिल्लात खुपसलेली. अँथोकोरिस. मोजून ८. पुढच्या दोन आठवड्यांत ऊन वाढलं आणि कापूस आपोआप विरला. त्यासाठी काहीच करावं लागलं नाही.

२४ मे

फुलोरा भरात. ऑलिव्ह पतंगाच्या अळ्या फुलांचे घोस रेशमाने शिवून आत बसल्या आहेत. १०० घोसांपैकी २२ लागलेले. मन घाबरतं, पण ऑलिव्हच्या १०० फुलांमागे एखाद-दोन फळंच टिकतात. झाड जे टाकून देणारच होतं त्यातलंच ही पिढी बहुतेक खाते. त्यामुळे सोडून दिलं.

एका शिवलेल्या घोसात अळी ताठ पडलेली दिसली. रंग पिवळट तपकिरी, कातडी ताणून बसलेली, जणू तांदळाची पुरचुंडी. टाचणीने चीर दिली. आत अळी उरलीच नव्हती. एकाला एक लागून बारीक कोष, मोजले तर ११. ही अजेनियास्पिस, एक परोपजीवी गांधील. पतंगाच्या अंड्यात ती स्वतःचं एकच अंडं घालते, ते आत फुटत फुटत अनेक होतं, आणि अळी पूर्ण वाढली की तिच्या कातडीत गांधिलींची अख्खी रास तयार. मी किती वेळ भिंग डोळ्याला लावून बसले होते कोण जाणे, मान धरली. अशा आणखी ५ अळ्या सापडल्या. त्या फोडल्या नाहीत, झाडावरच ठेवल्या.

१४ जून

फळं गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी. कामगंध सापळ्यांत पतंग एका आठवड्यात ४१२. गेल्या महिन्यात शंभरीही गाठत नव्हते. फळाच्या देठाशी, पाकळ्या गळून उरलेल्या वाटीत, पांढरी चपटी अंडी. २०० फळांपैकी ८८ वर अंडं. ही दुसरी पिढी, आणि खरं नुकसान हिचंच: अळी देठापाशी शिरते, कोय घट्ट व्हायच्या आत बीपर्यंत पोचते, फळ गळतं.

शेजारच्या बागेत दोन दिवस फवारणी चालू आहे. शेजारी म्हणाले, आज नाही मारलंस तर सोमवारी उशीर होईल. फवारणीचा परवाना माझ्याकडे आहे, औषधही मिळेल. रात्री झोप लागली नाही. गेल्या वर्षी मी याच आठवड्यात फवारलं होतं आणि वहीत बाकी काहीच लिहिलं नव्हतं.

१६ जून

शनिवार नसूनही गेले. या वेळी अंडं आहे की नाही एवढंच न बघता प्रत्येक अंडं भिंगाखाली घेतलं. अर्ध्या तासात नजर बसते. जिवंत अंडं दुधी, फुगीर, पुढे पिवळसर होतं. फुटून अळी आत गेलेलं असेल तर टरफलात बारीक विष्ठा दिसते. आणि क्रायसोपाच्या अळीने शोषलेलं अंडं म्हणजे नुसता चुरगळलेला, काचेसारखा पापुद्रा, आत काही नाही.

१०० अंडी तपासली: शोषलेली ५८, जिवंत ३१, फुटून गेलेली ११.

म्हणजे शनिवारी ८८ फळांवर मी जे मोजलं त्यातलं निम्म्याहून जास्त आधीच खाल्लं गेलेलं होतं. इथल्या एकात्मिक पीक उत्पादनाच्या नियमांतही मोजायला ‘जिवंत’ अवस्था सांगितल्या आहेत. हा शब्द मी आधी दहादा वाचला असेन, डोळ्यांत शिरला नव्हता. सापळ्यातला पतंगाचा आकडा कधी बघायला जायचं ते सांगतो. फवारायचं की नाही ते फळावर कळतं.

२१ जून

पुन्हा १०० अंडी. शोषलेली ७४, जिवंत ९, फुटलेली १७. पानांच्या कडेला केसाएवढ्या देठांवर उभी असलेली क्रायसोपाची अंडी सगळीकडे. चादरीवर त्याच्या अळ्या २३, वर्षातला सर्वांत मोठा आकडा.

फवारलं नाही. आजोबांना वही दाखवली, उजवं पान पहिल्यांदाच डाव्यापेक्षा भरलेलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं सावकाश वाचली आणि विचारलं, “ही इतकी आली कुठून?” मला वाटतं, मेपासून दोन ओळींच्या मधलं तण कापलं नाही त्याचा यात हात आहे. क्रायसोपाचा प्रौढ किडे खात नाही, त्याला मध-पराग लागतो, आणि मे महिन्यात तणच फुललेलं असतं. खात्री करायला पुढच्या वर्षी अर्ध्या बागेतलं तण कापून बघणार आहे.

५ जुलै

झाड क्र. ३ आणि ४ वर काजळी. वर बघितलं तर फांद्यांवर काळी खवले कीड, पाठीवर इंग्रजी एच अक्षरासारखा उंचवटा. रांगणारी पिल्लं बाहेर पडायला लागली आहेत, नारिंगी, ठिपक्याएवढी. खोडावरून मुंग्यांची रांग.

टाचणीने २० माद्या उलट्या केल्या. ९ जणींच्या पोटाखाली अंड्यांची रास. ७ जणींखाली राशीच्या जागी एक गुबगुबीत पांढरी अळी, निवांत अंडी खात बसलेली. ही स्क्युटेलिस्टा गांधिलीची अळी. उरलेल्या ४ जणींच्या पाठीला गोल भोक, आत रिकामं, गांधील निघून गेलेली.

मुंग्या मात्र खवल्याच्या गोड स्रावासाठी या मित्रांना हुसकावतात. म्हणून दोन्ही बुंध्यांना कापडी पट्टी गुंडाळून वर डिंक लावला. डिंक थेट सालीवर लावू नका, साल भाजते. चार दिवसांत मुंग्या पुन्हा वर. डिंक ठीक होता, पण एक लोंबती फांदी जमिनीला टेकत होती आणि एक वाळलेलं गवत बुंध्याला रेललेलं होतं, त्या दोन पुलांवरून रहदारी चालू. पूल तोडले, रांग थांबली.

१९ जुलै

कोय कडक होऊ लागली. आता फळमाशीला फळ चालतं. इथे वापरतात ते ओलिपे पद्धतीचे बाटली-सापळे केले: दीड लिटरची प्लॅस्टिकची बाटली, वरच्या भागात भोकं, आत डायअमोनियम फॉस्फेटचं पाणी, लिटरला ४० ग्रॅम. अमोनियाच्या वासाला माशी येते, आत शिरते, बुडते. २४ बाटल्या, सावलीत, झाडाच्या दक्षिण अंगाला. बाटल्या फुकट, खताची गोणी २७ युरो.

भोकं पाडायला घरात ८ मिलिमीटरचं गिरमिट होतं, तेच वापरलं.

२ ऑगस्ट

बाटल्या गाळल्या. फळमाश्या ३५. क्रायसोपा ५१.

पाण्यावर तरंगणारे ते हिरवे पंख बघून पोटात खड्डा पडला. या पद्धतीत भोक ५ मिलिमीटरचं सांगितलं आहे आणि त्याला कारण आहे: ऑलिव्हची माशी ४-५ मिलिमीटरची, ती आत जाते, पंख मिटलेला क्रायसोपा सहसा जात नाही. मी ३ मिलिमीटरचा आळस केला. २४ बाटल्या टाकून नव्या केल्या, ५ मिलिमीटरचं गिरमिट ४ युरोला आणलं. एक पूर्ण दिवस गेला. जूनमध्ये ज्यांनी बाग राखली त्यांचीच पिलावळ मी दोन आठवडे बुडवत होते.

९ ऑगस्ट

नव्या बाटल्या, एक आठवडा: फळमाश्या ११, क्रायसोपा २.

२३ ऑगस्ट

दुपारी ४० अंश. माश्या ३. टोचलेली फळं १०० पैकी ६. सहाही चिरून बघितली. टोचलेल्या तपकिरी ठिपक्याखाली कुठे वाळलेलं अंडं, कुठे दोन मिलिमीटर चालून मेलेली अळी. ३५ अंशांच्या वर माशी थंडावते आणि फळातली पिल्लंही होरपळतात. जिवंत एकही नाही. इथला उन्हाळाच मोठा मित्रकीटक आहे, त्यालाही उजव्या पानावर जागा दिली.

आता महिनाभर इथे काही नाही असं धरून चालले आणि दुसरं काम घेतलं.

२० सप्टेंबर

तीन शनिवार चुकवले. त्यात १ तारखेपासून हवा गार झाली आणि दोनदा पाऊस पडला. उन्हाळ्यात माशी दडून होती, संपली नव्हती.

ओढ्याकाठच्या बाटल्यांत दर सापळ्याला दिवसाला २.४ माश्या, वरच्या बांधाला ०.५. माद्यांची पोटं टाचणीने दाबून बघितली, बहुतेक अंड्यांनी भरलेल्या. ओढ्याकाठची १०० फळं चिरली: टोचलेली १७, त्यांत जिवंत अळ्या ११. दोन अळ्यांच्या अंगाला बाहेरून एक-एक परकी पांढरी अळी चिकटलेली, माशीच्या अळीला शोषत होती. दोनच. हे कोण, हे नंतर कळलं.

ऑगस्टच्या शेवटी आले असते तर केओलिन वेळेवर मारता आलं असतं. ही चिनी मातीची पांढरी पूड पाण्यातून फवारली की फळावर थर बसतो आणि माशी अंडी घालायचं टाळते. मात्र टोचायच्या आधी मारावं लागतं.

२१ सप्टेंबर

उशीर झाला तरी ओढ्यालगतच्या ३२ झाडांना केओलिन, १०० लिटरला ५ किलो. संपूर्ण बागेला मारायचं नाही असं ठरवलं, कारण तो थर कोळ्यांना आणि क्रायसोपालाही नडतो. पाच तास, ३८ युरो. पंपाचं तोंड चार वेळा तुंबलं. पूड आधी बादलीत कालवून कापडाने गाळून घ्या.

२४ सप्टेंबर

रात्री जोराचा पाऊस. झाडं पुन्हा हिरवी. ३८ युरो ओढ्यात.

२९ सप्टेंबर

आज सेंट मायकेलचा दिवस, स्पॅनिशमध्ये सान मिगेल. ऑलिव्ह पतंगाची फळातली अळी पूर्ण वाढून देठाशी भोक पाडून बाहेर पडते आणि फळ गळतं, ती गळ साधारण याच सुमाराला येते म्हणून तिला नावच ‘सान मिगेलची गळ’. दहा झाडांखालची फळं वेचली, १४३. देठाशी भोक असलेली ५२. आजोबांच्या आठवणीत याच झाडांखाली टोपल्या भरायच्या. शेजारच्या फवारलेल्या बागेत त्यांच्या परवानगीने दहा झाडं बघितली: भोकाची फळं ४७. फार फरक नाही, आणि त्यांचा फवारणीचा खर्च वेगळा.

४ ऑक्टोबर

ओढ्याकाठी टोचलेली फळं २१, वरती ५. राइफच्या अहवालातही माशी वाढल्याचा इशारा. दोन वाटा होत्या. एक, प्रथिनाच्या आमिषात कीटकनाशक मिसळून झाडाच्या उन्हाच्या अंगाला थोड्याशा भागावर मारायचं. दुसरी, माशी फळाबाहेर पडायच्या आधीच फळं उतरवायची. अळी आत पूर्ण वाढून भोक पाडते तेव्हा बुरशी शिरते आणि आम्लता चढते. नुसत्या टोचण्याने तेवढी चढत नाही. आजोबांशी बोलून लवकर उतरवायचं ठरवलं. तेल कमी निघणार हे दोघांनाही माहीत होतं.

२५ ऑक्टोबर

काढणी. ओढ्याकाठची फळं वेगळ्या पेट्यांत, वेगळी गाळली. हे नक्की करा. गेल्या वर्षी एकत्र गाळली आणि वाईटाने चांगल्यालाही ओढलं.

वरची २,४५० किलो, तेल १५.६ टक्के, आम्लता ०.२.
ओढ्याची ७०० किलो, तेल १५ टक्के, आम्लता ०.६.

दोन्ही आम्लतेत बसली. डिसेंबरपर्यंत थांबलो असतो तर उतारा २० टक्क्यांच्या आसपास गेला असता, म्हणजे अंदाजे १४० किलो तेल आम्ही सोडलं. वर्षभराचा कीड-खर्च १३७ युरो, त्यातले पिवळे सापळे आणि केओलिन वाया. माझे शनिवार धरले तर साधारण १६० तास. आजोबांनी घाण्यावरच पावाला तेल लावून खाल्लं, बराच वेळ बोलले नाहीत, मग दुसरा तुकडा मागितला.

१७ जानेवारी

थंडीत वेळ होता म्हणून सप्टेंबरमधल्या त्या दोन परक्या अळ्यांचा माग काढला. त्या युपेल्मसच्या असाव्यात. ही चिमुकली गांधील उन्हाळ्यात-शरदात ऑलिव्हच्या माशीच्या अळीवर वाढते. हिवाळ्यात बागेतलं फळ संपतं तेव्हा ती ओलिवार्दाकडे जाते. या झुडपाच्या फुलांत एक वेगळीच माशी गाठी करते, ती ऑलिव्हला काही करत नाही. त्या गाठींतल्या अळ्यांवर युपेल्मस हिवाळा काढते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ऑलिव्हकडे येते.

मी फेब्रुवारीत जे उपटून ढीग केलं होतं, ते तिचं हिवाळ्याचं घर होतं. १७ टोचलेल्या फळांमागे दोनच सापडल्या त्याचं एक कारण बहुधा हेच.

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांनी ओलिवार्दा कधी कापू दिली नाही. कारण वडिलांनीही सांगितलं नव्हतं.

ओढ्याच्या पलीकडे थोडी शिल्लक आहे. वाळकी बोंडं बोटाने दाबत गेले. बहुतेक चुरा होतात, मधूनच एखादं खड्यासारखं कडक लागतं. ती गाठ. ४० गाठी बरणीत भरल्या, तोंडाला मलमलचं कापड बांधलं, खिडकीत ठेवल्या. बाकीच्यांना हात लावला नाही.

७ मार्च

घरातल्या उबेने लवकर जाग आली असावी. बरणीत आजपर्यंत गाठी करणाऱ्या माश्या १३ आणि गांधिली ६. तीन मिलिमीटर, हिरवट धातूसारख्या चमकणाऱ्या, आणि चालता चालता एकदम उडी मारणाऱ्या. एक मेलेली सापडली, पाठीकडे धनुष्यासारखी वाकलेली. युपेल्मस अशीच मरते असं वाचलं होतं, तीच खूण.

बाहेर अजून रात्री थंडी आहे, म्हणून उरलेल्या पाच जणींना मधाच्या पाण्यात भिजवलेला कापूस दिला. ओढ्याकाठी आजोबांनी आज चार खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि पाटी लावली: कापू नये.